उन्हापासून वाचवणारं क्रीमच बाधलं तर?

 उन्हाळा लागला की आपल्या आरोग्याच्या कार्यक्रमात त्वचेबद्दलचे प्रश्न वाढतात. घामोळं, काळवंडलेला चेहरा, वांगाचे डाग हे तर नेहमीचेच. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे. सनस्क्रीन लावून उन्हात गेलं आणि चेहऱ्यावर पुरळ उठलं, तर ते उन्हानं झालं की क्रीमनं? आजचं आमचं बोलणं या एकाच प्रश्नाबद्दल आहे.

प्रश्न छोटा दिसतो, पण त्याचं उत्तर चुकलं की त्रास वाढत जातो. चेहरा लाल होतो, खाजतो, आणि उन्हात गेल्यावर जास्तच होतो. साहजिकच आपल्याला वाटतं, ऊन सोसत नाही. म्हणून आपण क्रीमचा थर आणखी जाड लावतो. त्रास क्रीममधल्या एखाद्या रसायनाचा असेल, तर आपण आगीत तेल ओततो आहोत. मग खाज थांबावी म्हणून कुणीतरी सांगितलेली ट्यूब लावली जाते. महिना-दोन महिन्यांनी लाली ओसरते, पण मागे काळे डाग राहतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर कोणतीही जळजळ झाली की असा डाग राहतोच, आणि तो जायला कित्येक महिने लागतात. डाग जावा म्हणून पुन्हा नवं क्रीम येतं. हे चक्र कुठे तोडायचं, ते आज बघू.

आधी सनस्क्रीन काम कसं करतं ते समजून घेऊ. उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. त्वचा भाजते, काळवंडते, अकाली सुरकुतते ती यांच्यामुळे. हे किरण अडवणारे पदार्थ दोन प्रकारचे. पहिला प्रकार खनिजांचा, म्हणजे झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. हे पांढऱ्या भुकटीसारखे असतात, त्वचेच्या वर थर करून बसतात. झिंक ऑक्साइड आपल्या घरात आधीपासून आहे. घामोळ्यांवर लावायच्या गुलाबी कॅलामाइनमध्ये ते असतं, बाळाच्या लंगोटाच्या जागी लावायच्या मलमातही असतं. दुसरा प्रकार रासायनिक. ही रसायनं किरण शोषून घेतात आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतात. ऑक्सिबेन्झोन, अव्होबेन्झोन, ऑक्टोक्रायलीन, ऑक्टिनॉक्सेट ही त्यांतली नेहमी आढळणारी नावं. ती चेहऱ्यावर पांढरी दिसत नाहीत, हलकी लागतात, म्हणून कंपन्यांना आणि आपल्यालाही आवडतात. ॲलर्जीचा प्रश्न येतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकाराशी.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही सनस्क्रीन लावतच नाही, मग आम्हाला काय? तर ही रसायनं फक्त सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये नसतात. दिवसा लावायच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये असतात, फाउंडेशनमध्ये, लिपबाममध्ये, लिपस्टिकमध्ये असतात. शाम्पू, अत्तर आणि नेलपॉलिशमध्येही ती सापडतात. तिथे ती आपल्या त्वचेसाठी नसून बाटलीतल्या मालाचा रंग आणि वास उजेडानं उडू नये म्हणून घातलेली असतात. त्यामुळे एका क्रीमचा त्रास होतो म्हणून ते बंद केलं आणि तेच रसायन दुसऱ्या डबीतून चालू राहिलं, असं सहज घडतं.

त्रास म्हणजे नेमकं काय, हेही नीट पाहिलं पाहिजे. क्रीम लावल्या लावल्या, पाच-दहा मिनिटांत चुरचुरलं, डोळ्यांत गेल्यावर आग झाली, आणि धुतल्यावर शांत झालं, तर ती बहुधा ॲलर्जी नसते. ती नुसती जळजळ. फार कोरडी, सोललेली किंवा नुकतंच ब्लीच केलेली त्वचा असेल तर असं कुणालाही होऊ शकतं. घामाबरोबर सनस्क्रीन डोळ्यांत उतरून झोंबतं, तेही यातलंच.

ॲलर्जीची चाल वेगळी. आपल्या शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा एखाद्या पदार्थाला शत्रू समजून बसते. पहिल्यांदा ओळख पटायला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात, कधी वर्षानुवर्षं वापरल्यावरही ती पटते. म्हणून "हे क्रीम तर मी तीन वर्षं लावतेय, यानं कसं होईल?" हा युक्तिवाद इथे टिकत नाही. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी तो पदार्थ लागला की एक ते तीन दिवसांत पुरळ उठतं. लाल चट्टे, जबर खाज, बारीक पाण्याचे फोड, कधी पापण्या सुजणं, मग खपल्या. सोमवारी लग्नाला मेकअप केला आणि बुधवारी चेहरा उठला, तर मंगळवारच्या जेवणाला दोष देण्याआधी सोमवारची पेटी आठवा. आणि ही ओळख शरीर सहसा विसरत नाही.

उन्हाच्या रसायनांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. काहींना ते रसायन नुसतं लावून काहीच होत नाही. रसायन आणि ऊन दोन्ही एकत्र आले तरच ॲलर्जी उठते. घरात बसून तेच क्रीम लावलं तर त्वचा ठीक, बाहेर पडलं की पुरळ. त्यामुळे दोष उन्हावर जातो आणि क्रीम नामानिराळं राहतं. याला डॉक्टर प्रकाश-ॲलर्जी म्हणतात.

ती ओळखायला आरशासमोर उभं राहून सावलीच्या जागा बघायच्या. आपण क्रीम सगळ्या चेहऱ्याला आणि गळ्याला लावतो, पण ऊन सगळीकडे सारखं पडत नाही. हनुवटीच्या खाली, कानांच्या मागे, वरच्या पापणीच्या घडीत, केसांखाली झाकलेल्या कपाळावर ऊन पोचत नाही. पुरळ नाकावर, गालांवर, गळ्याच्या पुढच्या उघड्या भागावर आहे आणि या सावलीच्या जागा मात्र स्वच्छ आहेत, तर उन्हाचा हात आहे असं समजावं. सावलीच्या जागाही उठल्या असतील, तर ती साधी क्रीमची ॲलर्जी असू शकते, किंवा तिसरंच काही. त्या तिसऱ्याकडे आपण येणारच आहोत.

ही रसायनं लोकांना बाधतात हे आज कळलेलं नाही. सगळ्यात जुनं उदाहरण पाबा नावाच्या रसायनाचं. अमेरिकेत १९४० च्या दशकात ते सनस्क्रीनमध्ये आलं, खूप चाललं, आणि मग ॲलर्जीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की "यात पाबा नाही" असं बाटलीवर छापणं हीच जाहिरात झाली. आता ते जवळपास हद्दपार झालं आहे. पाबाची कथा सांगण्याचं कारण त्याच्या नातेवाइकात आहे. केसांच्या काळ्या रंगात आणि झटपट काळी होणाऱ्या तथाकथित काळ्या मेंदीत पीपीडी नावाचं रसायन असतं. पीपीडी आणि पाबा रचनेनं एका कुळातले. ज्या बाईला केसांचा रंग लावून कान-कपाळ सुजण्याचा अनुभव आहे, तिच्या शरीराला पाबाही शत्रू वाटू शकतो. म्हणून डॉक्टरांकडे क्रीमची तक्रार घेऊन जाल तेव्हा केसांच्या रंगाची हकिगत जरूर सांगा.

पाबानंतर पाळी आली ऑक्सिबेन्झोनची. त्याचं दुसरं नाव बेन्झोफिनोन-३. डब्यावर दोन्हींपैकी कोणतंही नाव असू शकतं. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगाच्या तज्ज्ञांची संस्था दरवर्षी एका पदार्थाकडे सगळ्यांचं लक्ष वेधते. २०१४ साली तिनं बेन्झोफिनोन या गटाची निवड केली. युरोपीय संघानं २०२२ मध्ये ऑक्सिबेन्झोनची मर्यादा आणखी कमी केली: चेहरा, हात आणि ओठांच्या उत्पादनांत ६ टक्के, तर सगळ्या अंगाला लावायच्या सनस्क्रीनमध्ये २.२ टक्के. ही मर्यादा ॲलर्जीपेक्षा ते रसायन त्वचेतून रक्तात जाण्याच्या प्रश्नामुळे आली, पण त्यामुळे बऱ्याच कंपन्यांनी ते वापरणं कमी केलं.

तिसरं नाव ऑक्टोक्रायलीन. अव्होबेन्झोन हे रसायन उन्हात लवकर विरतं, त्याला टिकवून धरायला ऑक्टोक्रायलीन घालतात, म्हणून ही जोडी अनेक ट्यूबमध्ये एकत्र दिसते. आणि इथे आपल्या घरातल्या एका वेगळ्याच ट्यूबचा संबंध येतो. गुडघे किंवा कंबर दुखली की आपण वेदनाशामक जेल चोळतो. त्यांतल्या काही जेलमध्ये किटोप्रोफेन नावाचं औषध असतं. हे औषध लावलेल्या जागी ऊन लागलं की काहींना जोरदार प्रकाश-ॲलर्जी होते. ज्यांना ती झाली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पुढे ऑक्टोक्रायलीन आणि ऑक्सिबेन्झोनही बाधतं. म्हणजे आधी गुडघ्याचं जेल, आणि मग चेहऱ्याचं क्रीम. म्हणून किटोप्रोफेनचं जेल लावत असाल तर लावल्यावर हात साबणानं धुवा, ती जागा कपड्यानं झाका, आणि जेल बंद केल्यावरही दोन आठवडे तिथे ऊन लागू देऊ नका. सगळ्याच वेदनाशामक जेलमध्ये हे औषध नसतं. ट्यूबवरचं नाव औषध दुकानदाराकडून वाचून घ्या.

२००८ ते २०११ या काळात युरोपातल्या १२ देशांत १०३१ रुग्णांची मोठी तपासणी झाली. त्यात प्रकाश-ॲलर्जी देणाऱ्या पदार्थांत किटोप्रोफेन सगळ्यात वर होतं. सनस्क्रीनच्या रसायनांत ऑक्टोक्रायलीन, ऑक्सिबेन्झोन आणि अव्होबेन्झोन ही तीन पुढे होती. पण हे आकडे ऐकून घाबरू नका. तपासणी झाली ती आधीच संशय असलेल्या रुग्णांची. रस्त्यानं जाणाऱ्या दहा बायकांपैकी किती जणींना हा त्रास होईल, हे त्यावरून ठरत नाही. लावणाऱ्या बहुतेकींना काहीही होत नाही. ज्यांना होतं, त्यांना मात्र फार होतं, आणि कारण कळत नाही म्हणून ते लांबतं.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सनस्क्रीनचा त्रास झाला म्हणजे दोष ऊन अडवणाऱ्या रसायनाचाच असतो, असंही नाही. त्याच ट्यूबमध्ये सुगंध असतो, ती खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायनं असतात. क्रीमच्या ॲलर्जीत सुगंध हा फार जुना आरोपी आहे. टिकाऊपणासाठी घालायच्या मिथाइल-आयसोथायझोलिनोन या रसायनानं तर इतका त्रास दिला, की अंगावर राहू देण्याच्या क्रीममध्ये ते वापरायला युरोपात बंदी आली. म्हणून "नैसर्गिक", "हर्बल" असं लिहिलेलं दिसलं की निर्धास्त होऊ नका. गुलाब, चंदन, लिंबाचं तेल यांचाही सुगंधच असतो, आणि तोही बाधू शकतो.

आता ते तिसरं कारण. आपल्याकडे चेहरा, मान आणि हात उठण्यामागे क्रीमऐवजी बांधावरचं गवतही असू शकतं. गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, ते १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि आता सगळीकडे माजलं आहे. त्याचे वाळलेले कण हवेत उडतात आणि उघड्या त्वचेवर बसतात. त्यानंही चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या घड्या खाजतात, जाड होतात, आणि ऊन लागलं की वाढतं. फरक असा की कण हवेतून येतात, त्यामुळे कानामागे, पापण्यांवर, हनुवटीखालीही पुरळ असतं. पावसाळ्यात गवत वाढल्यावर त्रास चढतो, भांगलणीच्या दिवसांत जास्त होतो, आणि क्रीम न लावणाऱ्या घरच्या पुरुषालाही होतो. टिकलीचंही असंच. कपाळाच्या मधोमध गोल चट्टा असेल, तिथे खाज किंवा पांढरा डाग असेल, तर क्रीमच्या आधी टिकलीच्या गोंदावर संशय घ्या.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, चेहऱ्याला लावायचं सगळं एकदम बंद करा. सनस्क्रीन, क्रीम, पावडर, मेकअप, सगळं. साध्या पाण्यानं किंवा सौम्य, बिनवासाच्या साबणानं धुवा, थंड ओल्या फडक्याच्या घड्या ठेवा. हळद, लिंबू, टूथपेस्ट असले प्रयोग उठलेल्या चेहऱ्यावर नकोत. ऊन टाळा, बाहेर जावंच लागलं तर ओढणी किंवा छत्री घ्या. दुसरी गोष्ट, डब्या फेकू नका. जे जे लावत होतात ते सगळं एका पिशवीत भरा, खोक्यांसकट. जेल, केसांचा रंग, नेलपॉलिशही त्यात टाका. मोबाइलवर चेहऱ्याचे फोटो काढून ठेवा, कारण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पुरळ बसलेलं असतं. तिसरी गोष्ट, ती पिशवी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग असतो, तिथे चौकशी करा.

तिथे पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांचे अगदी थोडे थोडे अंश चिकटपट्टीवर ठेवून पाठीला लावतात. दोन दिवस पट्टी तशीच ठेवायची, पाठ भिजवायची नाही, जड काम करून घाम काढायचा नाही. मग पट्टी काढून बघतात आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. प्रकाश-ॲलर्जीचा संशय असेल तर तेच पदार्थ पाठीच्या दोन्ही बाजूंना लावतात आणि एकाच बाजूवर मोजका अतिनील प्रकाश सोडतात. प्रकाश पडलेलीच बाजू उठली की उत्तर मिळालं. यात सुई टोचत नाहीत, पण आठवड्यात दोन-तीन खेपा होतात. कामाचा तेवढा खाडा धरूनच जा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी निकाल फसतो.

इथे पैसे वाचवणारी एक गोष्ट. काही ठिकाणी रक्ताची ॲलर्जी तपासणी करून पन्नास-शंभर पदार्थांची यादी देतात, हजारो रुपये घेतात. क्रीममुळे उशिरा उठणारी ही ॲलर्जी त्या रक्ततपासणीत दिसत नाही. ती तपासणी वेगळ्या जातीच्या ॲलर्जीसाठी असते. तिच्या भरवशावर वांगी आणि शेंगदाणे सोडून बसू नका.

आणि चौथी गोष्ट, स्टेरॉइडची ट्यूब स्वतःच्या मनानं लावू नका. ती लावली की दोन दिवसांत चेहरा छान दिसतो, ॲलर्जी झाकली जाते, आणि क्रीम चालूच राहतं. महिन्या-दोन महिन्यांत त्वचा पातळ होते, लालभडक होते, लव वाढते, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटतो. डॉक्टरांनी दिली तर त्यांनी सांगितलेले दिवसच लावायची.

क्वचित कुणाला क्रीम लावल्यावर लगेच अंगभर गांधी उठतात, ओठ-जीभ सुजते, दम लागतो किंवा चक्कर येते. असं झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि तडक दवाखाना गाठा.

आता म्हणाल, मग सनस्क्रीन लावायचंच नाही का? तसं नाही. ज्यांना कोड आहे, वांग आहे, ल्युपससारखा आजार आहे, किंवा ऊन सोसेनासं करणारी डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं चालू आहेत, त्यांना उन्हापासून बचाव लागतोच. त्यांनी आमचं बोलणं ऐकून ट्यूब फेकू नये, फार तर डॉक्टरांना विचारून बदलावी. ज्यांना रासायनिक प्रकार बाधतो त्यांच्यासाठी झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचं, बिनसुगंधी सनस्क्रीन आहे. या खनिजांची ॲलर्जी जवळपास होतच नाही. चेहरा थोडा राखी, पांढुरका दिसतो, एवढी किंमत आहे. पण घेताना घटकांची यादी वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत झिंक लिहून मागे बारीक अक्षरांत ऑक्टिनॉक्सेट घातलेलं असू शकतं.

एसपीएफच्या आकड्याच्या मागेही फार धावू नका. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के किरण अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. एका टक्क्यासाठी जास्त पैसे आणि बऱ्याचदा जास्त रसायनं. नवं काही आणलं की आधी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून बघा. नंतरचे काही दिवस ती जागा थोडा वेळ उन्हातही धरा. खाज आली की तिथेच थांबा. चेहऱ्यापेक्षा कोपर उठलेला परवडला. केसांच्या रंगाला मात्र हा प्रयोग लागू नाही, त्याच्या खोक्यावरच्या सूचना वेगळ्या असतात.

भारतात सौंदर्यप्रसाधनांत कोणती ऊनरोधक रसायनं किती घालायची, हे भारतीय मानक ब्यूरोनं ठरवून दिलेलं आहे. घटकांची यादी छापणंही बंधनकारक आहे. फक्त अगदी लहान पुड्या-डब्यांना त्यातून सूट असते. म्हणून ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी सुटी पुडी किंवा जत्रेतली बिननावाची डबी घेऊ नये. परवानगी असलेलं रसायन म्हणजे कुणालाच न बाधणारं, असाही अर्थ नाही. कोळंबी बाजारात राजरोस विकली जाते, तरी काहींना ती बाधतेच ना? खोक्यावर यादीच नसेल किंवा भलतेच दावे असतील तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पावती आणि खोकं जपून ठेवा.

शेवटी, ट्यूबशिवायचे उपाय. शेतात जाताना लुगड्यावर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणाऱ्या, डोक्यावरून पदर किंवा टॉवेल घेणाऱ्या आपल्या बायका उन्हाचं शास्त्र आधीपासून जाणतात. घट्ट विणीचं सुती कापड, रुंद काठाची टोपी, छत्री, स्कूटीवर बांधलेला स्कार्फ, आणि जमेल तितकं सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेतलं ऊन टाळणं. यांपैकी कशाचीही ॲलर्जी सहसा होत नाही आणि दर दोन तासांनी लावावंही लागत नाही. क्रीम त्याच्या जोडीला, उघड्या राहिलेल्या जागेसाठी.

पुढच्या वेळी चेहरा उठला तर तीन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या तीन दिवसांत काय काय लावलं? सावलीच्या जागा स्वच्छ आहेत का? बांधावर गाजरगवत आहे का? ही उत्तरं घेऊन दवाखान्यात गेलात, तर डॉक्टरांचं अर्धं काम तुम्हीच केलेलं असेल.